२०० पैकी २१४ मार्क कसे पडतात? नॉर्मलायझेशनचं गणित आणि ते शिकलेल्या माणसांचा दुष्काळ

जानेवारी २०२४. महाराष्ट्रातल्या तलाठी भरतीची गुणवत्ता यादी आली आणि काही तासांतच तिचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरायला लागले. परीक्षा २०० मार्कांची होती आणि यादीत सगळ्यात वरच्या उमेदवाराच्या नावापुढे २१४ मार्क होते. मग मीम्स आले, आरोप झाले, मोर्चे निघाले. ‘घोटाळा झालाय’ असं एका बाजूने म्हटलं गेलं, तर ‘हे नॉर्मलायझेशनमुळे होतं’ असं उत्तर सरकारी बाजूने आलं.

त्यानंतर असे वाद थांबलेले नाहीत. नीटचे ७२० पैकी ७२०, प्रयागराजमधलं उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाविरुद्धचं आंदोलन, एमएचटी-सीईटीची फेरपरीक्षा, नीट-पीजीबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा आदेश. प्रत्येक वेळी वादाच्या मुळाशी एकच प्रश्न होता. वेगवेगळ्या पेपरांमध्ये पडलेल्या मार्कांची तुलना करायची कशी?

या प्रश्नाचं उत्तर शोधणारं एक अख्खं शास्त्र आहे. जगात काही विद्यापीठांमध्ये त्यात पदव्युत्तर पदवी मिळते, पीएचडी करता येते. आपल्याकडे मात्र कोट्यवधी मुलं ज्या परीक्षांवर आयुष्याची दोन-चार वर्षं लावतात, त्या परीक्षांचं मोजमाप नीट शिकवणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. म्हणून आधी २१४ चं गणित समजून घेऊ आणि मग या दुष्काळाकडे वळू.

तलाठी भरतीत नेमकं काय झालं होतं?

जागा होत्या साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज आले १० लाख ४१ हजारांहून जास्त. खुल्या प्रवर्गासाठी फी होती १००० रुपये. प्रत्यक्ष परीक्षेला बसले सुमारे ८ लाख ६५ हजार उमेदवार, म्हणजे एका जागेमागे जवळपास १९० जण.

एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी बसवता येईल इतके कॉम्प्युटर एका वेळी उपलब्ध नसतात. त्यामुळे १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात ५७ शिफ्टमध्ये परीक्षा झाली. सगळ्यांना तोच पेपर दिला असता तर पहिल्या शिफ्टमधून बाहेर पडलेल्यांनी दुसऱ्या दिवशीच्या मुलांना प्रश्न सांगितले असते. म्हणून प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा होता.

खरी अडचण इथून सुरू होते. ५७ पेपर सारख्याच काठिण्य पातळीचे काढणं कोणालाही जमत नाही. कोणाच्या वाट्याला सोपा पेपर येतो, कोणाच्या वाट्याला अवघड. अवघड पेपरातले १५० आणि सोप्या पेपरातले १५० सारखेच धरले, तर अवघड पेपरवाल्यावर अन्याय होतो. हा अन्याय दूर करायला जे सूत्र लावतात, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. मराठीत त्याला सामान्यीकरण हा शब्द रुळला आहे.

मग मार्क २०० च्या वर कसे जातात?

सूत्रं अनेक आहेत. एक साधा प्रकार घेऊ आणि आकडे केवळ उदाहरणासाठी धरू.

समजा, एका शिफ्टचा पेपर फार अवघड होता. त्या शिफ्टची सरासरी आली ८०. त्या सरासरीभोवती मार्क किती पसरलेत हे दाखवणारी संख्या, म्हणजे प्रमाण विचलन, आलं २०. सगळ्या शिफ्ट एकत्र केल्या तर सरासरी आहे १०० आणि प्रमाण विचलन २४.

आता या अवघड शिफ्टमधल्या एका हुशार मुलीला १७० मार्क पडले. आपल्या शिफ्टच्या सरासरीपेक्षा ती ९० मार्कांनी पुढे आहे. ९० ला २० ने भागलं की ४.५ येतात. म्हणजे ती साडेचार ‘पायऱ्या’ वर आहे. सगळ्यांच्या मोजपट्टीवर तिला साडेचार पायऱ्या वर ठेवायचं तर १०० अधिक ४.५ गुणिले २४, म्हणजे २०८. पेपर २०० चा आणि मार्क २०८!

यात चोरी झालेली नाही. २०० ही पेपरची मर्यादा आहे. सूत्राने तयार केलेल्या नव्या मोजपट्टीला ती मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे फक्त ‘२०० च्या वर मार्क’ एवढ्यावरून घोटाळा सिद्ध होत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. ‘हे नॉर्मलायझेशनमुळे होतं’ एवढं उत्तर देऊन सरकारी बाजूनेही हात झटकता येत नाहीत. सूत्र चालवलं म्हणजे न्याय झाला, असं गृहीत धरता येत नाही. सूत्र कोणत्या अटींवर बरोबर चालतं, ते बघावं लागतं.

त्या अटी कोणत्या?

पहिली अट अशी की प्रत्येक शिफ्टमधली मुलं सरासरीने सारख्याच तयारीची हवीत. हे जमवायचं असेल तर कोण कोणत्या शिफ्टला बसणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं पाहिजे. ८ लाख ६५ हजार उमेदवार ५७ शिफ्टमध्ये वाटले तर एका शिफ्टमध्ये साधारण १५ हजार येतात. वाटणी खरोखर चिठ्ठ्या टाकून झाली असेल, तर एवढ्या मोठ्या गटांच्या सरासरी तयारीत योगायोगाने पडणारा फरक फार तर एखाद्या मार्काचा असतो. मग दोन शिफ्टच्या सरासरीत आठ-दहा मार्कांचा फरक दिसला, तर तो पेपरमुळेच पडलाय असं ठामपणे म्हणता येतं.

पण समजा, एका शिफ्टमध्ये पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये तीन-तीन वर्षं बसलेली मुलं जास्त आली आणि दुसऱ्या शिफ्टमध्ये ‘फॉर्म भरून तर बघू’ म्हणणारी जास्त आली. मग दुसऱ्या शिफ्टची सरासरी खाली येईल ती मुलांच्या तयारीमुळे. सूत्राला हे कळत नाही. ते म्हणणार, पेपर अवघड होता, द्या मार्क वाढवून. पहिल्या शिफ्टमधल्या मुलांचं नुकसान होतं आणि ते कोणालाही दिसत नाही.

दुसरी अट जरा कमी बोलली जाते, पण तलाठीसारख्या भरतीत तीच जास्त महत्त्वाची आहे. सरासरी आणि प्रमाण विचलन ठरतं ते मधल्या हजारो मुलांवरून. निवड मात्र होते अगदी वरच्या टोकाला, १९० मधून एकाची. मधल्या मुलांना पेपर अवघड गेला म्हणून वरच्या मुलांनाही तो तेवढ्याच प्रमाणात अवघड गेला असेल, असं नाही.

यावर उपाय म्हणून काही परीक्षांची सूत्रं वरच्या टोकाकडे बघतात. गेट परीक्षेच्या सूत्रात प्रत्येक शिफ्टमधल्या वरच्या ०.१ टक्का मुलांची सरासरी वापरतात. पण १५ हजारांचे ०.१ टक्के म्हणजे किती? १५ मुलं! त्या १५ जणांमध्ये योगायोगाने दोन-तीन फारच तयारीची मुलं आली की अख्ख्या शिफ्टचं गणित हलतं. म्हणजे मधली मुलं धरली तर सूत्र टोकाला चुकू शकतं आणि टोकाची मुलं धरली तर आकडे थोडे पडतात. यातून सुटायला एकच अचूक सूत्र नाही. कोणती चूक किती परवडेल हे ठरवावं लागतं आणि ते ठरवणाऱ्याला हे शास्त्र यावं लागतं.

पर्सेंटाइलचं काय?

जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीमध्ये दुसरी पद्धत आहे. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क किती टक्के मुलांना पडले, तो तुमचा पर्सेंटाइल. मग सगळ्या शिफ्टचे पर्सेंटाइल एकत्र करून यादी लावतात. यात २०० च्या वर जाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण १०० च्या पुढे पर्सेंटाइल नसतो.

पण याचाही एक परिणाम आहे. प्रत्येक शिफ्टमध्ये जो पहिला येतो त्याला १०० पर्सेंटाइल मिळतोच. जेवढ्या शिफ्ट, किमान तेवढे १०० पर्सेंटाइलवाले. दरवर्षी सीईटीच्या निकालानंतर ‘इतक्या विद्यार्थ्यांना १०० पर्सेंटाइल’ अशी बातमी येते. त्यातला आकडा मुलांच्या हुशारीइतकाच शिफ्टच्या संख्येवरही अवलंबून असतो.

शिवाय जेईई मेनचा पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत काढतात. टाय कमी व्हावेत यासाठी ते सोयीचं आहे. पण सात आकडे दिसले की आपल्याला वाटतं, मोजमाप तितकंच अचूक आहे. तसं नसतं. भाजीवाल्याच्या काट्यावर सोन्याचं वजन केलं आणि उत्तर सात दशांशांपर्यंत लिहिलं, म्हणून तो काटा सोनाराचा होत नाही.

या ‘काट्याच्या चुकी’ला शास्त्रात नाव आहे, मोजमापाची प्रमाण त्रुटी. कल्पना सोपी आहे. त्याच मुलीला त्याच दर्जाचा दुसरा पेपर दुसऱ्या दिवशी दिला तर मार्क थोडे बदलतील. कधी येणारा प्रश्न येतो, कधी डोकं दुखत असतं, कधी अंदाजाने टिक केलेलं बरोबर निघतं. पुन्हा एक उदाहरण घेऊ. प्रमाण विचलन २४ असलेल्या परीक्षेची विश्वासार्हता ०.९ असेल, आणि ०.९ म्हणजे चांगलीच म्हणायची, तरी ही त्रुटी साडेसात मार्कांच्या आसपास येते. म्हणजे कट-ऑफच्या दोन मार्क वर असलेला आणि दोन मार्क खाली असलेला, यांच्यात परीक्षेला खरा फरक करता येत नाही.

तरीही रेघ कुठेतरी ओढावीच लागते, जागा मर्यादित आहेत. पण निकालपत्रकात ही त्रुटी कुठे छापलेली बघितली आहे का? दोन मार्कांनी गेलेला मुलगा स्वतःला नालायक समजतो, घरचेही तेच समजतात. ‘परीक्षेला तुमच्यात आणि निवड झालेल्यात फरक करता आला नाही’ हे त्याला कोणी सांगत नाही.

मग एकच दिवस, एकच शिफ्ट का नको?

ही मागणी आता जोरात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजमध्ये हजारो उमेदवार उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगासमोर बसले. त्यांची मागणी हीच होती आणि काही दिवसांतच आयोगाने पीसीएसची पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घ्यायचं मान्य केलं. ३० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने नीट-पीजी दोन शिफ्टमध्ये घ्यायला नकार दिला. दोन पेपर कधीच तंतोतंत सारखे अवघड असू शकत नाहीत, नॉर्मलायझेशन हा अपवाद असावा, रोजचा रिवाज नको, असा कोर्टाचा सूर होता. मग १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टला एकाच शिफ्टमध्ये झाली. बसणारे होते सुमारे २ लाख ४२ हजार.

जिथे शक्य आहे तिथे एक शिफ्ट चांगलीच. पण तिथे सगळे प्रश्न सुटतात असं समजू नका. नीट-यूजी २०२४ एकाच दिवशी, एकाच शिफ्टमध्ये, ओएमआरवर झाली होती. २३ लाखांहून जास्त मुलं बसली होती. पेपरफुटीचे आरोप, गुन्हे आणि तपास हा एक भाग झाला. मोजमापाच्या बाजूने दुसरंच काही बघण्यासारखं आहे.

पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. १,५६३ जणांना वाया गेलेल्या वेळेपोटी ग्रेस मार्क दिले होते. त्यामुळे काहींचे मार्क ७१८ आणि ७१९ असे आले. बरोबर उत्तराला चार मार्क आणि चुकीला उणे एक असल्यामुळे हे आकडे एरवी येऊच शकत नाहीत. ते ग्रेस मार्क रद्द झाले, फेरपरीक्षा झाली आणि ७२० वाले ६१ राहिले. मग भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. त्याची दोन उत्तरं बरोबर धरली होती, एक जुन्या पुस्तकाप्रमाणे आणि एक नव्या. कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं आणि एकच उत्तर बरोबर ठरलं. ज्यांनी दुसरं उत्तर दिलं होतं, त्यांचे पाच मार्क गेले. चार लाखांहून जास्त मुलांचे मार्क बदलले आणि ७२० वाले ६१ वरून १७ वर आले.

हे सगळं एका प्रश्नामुळे झालं आणि त्यात नॉर्मलायझेशनचा काही संबंध नव्हता.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. २७ एप्रिल २०२५ च्या एमएचटी-सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांमध्ये चुका निघाल्या. सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. चूक मोठीच होती. पण परीक्षा अनेक सत्रांमध्ये होती म्हणून एकाच सत्राची फेरपरीक्षा घेऊन भागलं. सगळ्या राज्याची एकच शिफ्ट असती तर लाखो मुलांना परत बोलवावं लागलं असतं. एका शिफ्टमध्ये एकच पेपर फुटला किंवा चुकला, तरी सगळंच कोसळतं. अनेक शिफ्टमध्ये धोका वाटला जातो, पण तुलना अवघड होते. दोन्हीकडे किंमत मोजावी लागते.

जगात हे कसं करतात?

अमेरिकेत एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था १९४७ पासून हेच काम करते. नेदरलँड्समध्ये सिटो ही संस्था १९६८ पासून आहे. या संस्थांमध्ये दोन गोष्टी पाळल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न आधी आजमावणं. नवा प्रश्न मार्क न मोजता काही मुलांना दिला जातो. हुशार मुलांनी दोन पर्यायांमध्ये अर्धी-अर्धी वाटणी केली, तर प्रश्नात काहीतरी गडबड आहे हे परीक्षेआधीच कळतं. नीटमधल्या त्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नासारखी गडबड अशा चाचणीत लक्षात येण्याची शक्यता बरीच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन पेपर जोडणं. दोन्ही पेपरांमध्ये काही प्रश्न सारखेच ठेवतात. ते सारखे प्रश्न पहिल्या गटाने कसे सोडवले आणि दुसऱ्या गटाने कसे, यावरून मुलांच्या तयारीतला फरक कळतो. मग उरलेला फरक पेपरचा. म्हणजे वर सांगितलेली ‘सगळ्या शिफ्टमध्ये सारखीच मुलं’ ही अट गळून पडते. यामागचं गणित डेन्मार्कच्या जॉर्ज राश यांनी १९६० मध्ये आणि अमेरिकेच्या फ्रेडरिक लॉर्ड आणि मेल्विन नोव्हिक यांनी १९६८ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. हे काही परवाचं संशोधन नाही.

आपल्याकडे ते का होत नाही? एक कारण अगदी प्रामाणिक आहे. आपल्या बऱ्याच मोठ्या परीक्षांमध्ये पेपर आणि उत्तरतालिका जाहीर होते आणि मुलं त्यावर हरकती घेतात. हा हक्क मुलांनी भांडून मिळवला आहे आणि तो हवाच. पण जाहीर झालेला प्रश्न पुढच्या पेपरात सामाईक प्रश्न म्हणून वापरता येत नाही. शिवाय क्लासवाले शिफ्ट सुटताच गेटवर उभे राहून प्रश्न गोळा करतात. पारदर्शकता आणि तुलना यांच्यात इथे खराखुरा ताण आहे. काही प्रश्न गुप्त ठेवून बाकीचे जाहीर करायचे, असा मधला मार्ग निघू शकतो. पण तो आखायला आणि लोकांना समजावून सांगायला या विषयातली माणसं लागतात.

ही माणसं तयार कुठे होतात?

या शास्त्राला सायकोमेट्रिक्स किंवा शैक्षणिक मापनशास्त्र म्हणतात. अमेरिकेत आयोवासारख्या विद्यापीठांमध्ये ‘मापन आणि संख्याशास्त्र’ असा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ओएमआर उत्तरपत्रिका मशिनने तपासण्याच्या तंत्राचा पाया घालणारे ई. एफ. लिंडक्विस्ट त्याच आयोवा विद्यापीठात प्राध्यापक होते.

आपल्याकडे हा विषय तीन तुकड्यांत विखुरलेला आहे. संख्याशास्त्राच्या एमएस्सीत संभाव्यता, नमुना निवड, अनुमान हे पक्कं शिकवतात, पण परीक्षेचा पेपर हे मोजमापाचं साधन म्हणून सहसा समोर येत नाही. मानसशास्त्राच्या एमएमध्ये चाचण्यांवर एखादा पेपर असतो, पण तिथे गणित हलकं ठेवलेलं असतं. एमएडमध्ये ‘मापन आणि मूल्यमापन’ असतं, तिथे विश्वासार्हता आणि वैधता यांच्या व्याख्या पाठ होतात, पण ५७ शिफ्टचा खरा डेटा कोणी हातात देत नाही. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये यूजीसीने २००९ च्या नियमांपासून संशोधन पद्धती सक्तीची केली. अनेक ठिकाणी ती झेरॉक्स नोट्सवर आणि सॉफ्टवेअरची बटणं कुठे दाबायची यावर आटोपते.

असं व्हायची गरज नव्हती. भारताची संख्याशास्त्राची परंपरा जगाने मानलेली आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था सुरू केली. पुणे विद्यापीठात १९५३ पासून वसंत शंकर हुजूरबाजार यांनी संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. साताऱ्याच्या मातीतले पां. वा. सुखात्मे यांनी शेतीच्या उत्पन्नाचा अंदाज नमुन्यावरून कसा काढायचा, यात देशाला रस्ता दाखवला. पीक मोजायला, माणसं मोजायला, गरिबी मोजायला आपण शास्त्र उभं केलं. परीक्षा मोजायला मात्र ते पूर्ण उभं राहिलं नाही.

परिणाम समोर आहेत. २०२२ मध्ये सीयूईटीच्या वेळी अनेक शिफ्टच्या मार्कांचं काय करायचं हे ठरवायला सांख्यिकी संस्था, आयआयटी दिल्ली आणि दिल्ली विद्यापीठ इथल्या प्राध्यापकांची समिती नेमावी लागली. २०२३ मध्ये एनसीईआरटीत ‘परख’ हे राष्ट्रीय मूल्यांकन केंद्र सुरू झालं, तेव्हा तांत्रिक भागीदार म्हणून त्याच अमेरिकन एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसला घ्यावं लागलं. नीटच्या वादानंतर नेमलेली समिती इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली होती. मोठी माणसं आहेत, प्रामाणिक कामही झालं. पण दरवेळी बाहेरून तज्ज्ञ बोलवावे लागतात, याचा अर्थ परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेत ते पुरेसे नाहीत.

तज्ज्ञ असले की प्रश्न मिटतो का?

तसंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडमुळे परीक्षा झाल्या नाहीत, म्हणून ए-लेव्हलच्या ग्रेड सूत्राने ठरवल्या. काम करणारी माणसं याच शास्त्रातली होती. तरी जवळपास ४० टक्के ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या. लहान वर्गांना सूत्र नीट लागत नव्हतं म्हणून तिथे शिक्षकांचा अंदाज धरला गेला. लहान वर्ग जास्त होते महागड्या खासगी शाळांमध्ये. मुलं रस्त्यावर आली आणि चार दिवसांत सरकारला सूत्र मागे घ्यावं लागलं.

पण एक फरक लक्षात घ्या. तिथल्या यंत्रणेने निकालाच्या दिवशीच तीनशेहून जास्त पानांचा तांत्रिक अहवाल जाहीर केला होता. लहान वर्गांचा घोळ बाहेरच्या लोकांना पकडता आला तो त्यामुळे. चूक झाली, पण ती लगेच सापडली. आपल्याकडे २१४ बरोबर होते की चूक, हे बाहेरच्या माणसाला तपासता येईल असे आकडे शिफ्टनुसार लोकांसमोर आले नाहीत. त्यामुळे ज्याला घोटाळा वाटला त्याला अजूनही तसंच वाटतं आणि ज्याचा विश्वास होता त्याच्याकडेही दाखवायला पुरावा नाही.

मग मागायचं काय?

‘नॉर्मलायझेशन रद्द करा’ ही घोषणा ऐकायला सोपी आहे, पण दहा लाख अर्ज आले की ती टिकत नाही. त्यापेक्षा नेमकं मागता येण्यासारखं बरंच आहे.

एक, सूत्र परीक्षेच्या आधी, जाहिरातीतच, उदाहरणासह छापलेलं असावं.

दोन, कोण कोणत्या शिफ्टला बसणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं, याची हमी आणि पुरावा हवा.

तीन, निकालासोबत तांत्रिक अहवाल हवा. प्रत्येक शिफ्टमध्ये किती जण बसले, सरासरी किती, प्रमाण विचलन किती, परीक्षेची विश्वासार्हता किती, रद्द झालेले प्रश्न किती. यात कोणाचंही नाव येत नाही, त्यामुळे खासगीपणाचं कारण लागू होत नाही.

चार, प्रश्न आधी आजमावायची व्यवस्था हवी. निदान प्रश्न काढणारा आणि तपासणारा वेगळा असावा.

पाच, राज्यातल्या एखाद्या तरी विद्यापीठात संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांना जोडणारा मापनशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हवा. सीईटी सेल, परीक्षा परिषद, लोकसेवा आयोग, दहावी-बारावीचं मंडळ अशा यंत्रणांमध्ये त्याच्या पदवीधरांसाठी पदं हवीत. पदं नसतील तर अभ्यासक्रमाला मुलं येणार नाहीत आणि मुलं नसतील तर दोन वर्षांत तो बंद पडेल. त्यामुळे सुरुवात पदांपासून करावी लागेल.

एमएस्सी संख्याशास्त्र करणाऱ्या, गणिताची आवड असलेल्या मुलामुलींनी या विषयाकडे जरूर बघावं. इथे गर्दी नाही आणि काम डोंगराएवढं आहे.

पुढच्या वेळी ‘इतक्यापैकी तितके’ असा स्क्रीनशॉट आला की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिफ्ट किती होत्या? प्रत्येक शिफ्टची सरासरी किती होती? आणि ती कुठे छापली आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर २१४ बरोबर की चूक, हे तुम्हालाही ताडून बघता येईल. तिसऱ्याचं उत्तर ‘कुठेच नाही’ असं आलं, तर आंदोलनाचा मुद्दा तो आहे. साडेआठ लाख मुलांनी फी भरून स्वतःचं मोजमाप करून घेतलं होतं. काटा बरोबर होता की नाही, हे बघायचा हक्क त्यांना आहे.